घोडेस्वारीतले दोन घोडे: शब्दवहीची प्रगती

घोड्याभोवतीच्या शब्दांच्या वहीत ‘घोडेस्वारी’चं पान अखेर मार्गी लागलं.

‘स्वार’ दिसायला संस्कृत वाटतो, पण आला फारसी ‘सवार’वरून. त्याचं प्राचीन पारसिक रूप ‘असबार’. ‘अस’ म्हणजे घोडा, आपल्या ‘अश्व’चा सख्खा भाऊ. ‘बार’ म्हणजे वाहिलेला, संस्कृत ‘भृ’ धातूच्या कुळातला. म्हणजे घोडा ज्याला वाहून नेतो तो. इराणात नक्श-ए-रुस्तम इथल्या शिलालेखात सम्राट दारयवहु (राज्यकाळ इ.स.पू. 522 ते 486) स्वतःला ‘असबार’ आणि लगेच ‘उवासबार’, म्हणजे उत्तम घोडेस्वार, म्हणवून घेतो. त्यातला ‘उ’ म्हणजे आपला ‘सु’. हे जुळलं तेव्हा फार आनंद झाला!

पुढे ‘असबार’चा ‘अस्वार’ झाला आणि मग सुरुवातीचा ‘अ’ही गळला. गुजरातीत ‘असवार’ आहे, तिथे तो ‘अ’ अजून ऐकू येतो. मराठीत मात्र घोडा इतका पुसला गेला की माणूस हत्तीवरही स्वार होऊ लागला. ‘स्वारी’ तर मोहीम झाली, आणि घरात ‘आज स्वारी खुशीत दिसते’ म्हणताना घोड्याचा पत्ताच नसतो. म्हणूनच पुढे ‘घोडे’ नव्याने जोडावं लागलं, असं माझं मत. ‘घोडेस्वार’ शब्दात घोडा दोनदा आहे, आणि ही द्विरुक्ती मला चूक वाटत नाही. अर्थ निसटला की भाषा तो असाच परत मिळवते.

याच पानाच्या कडेला ‘बारगीर’ नोंदवला. यातला ‘बार’ म्हणजे ओझं, मूळ तेच ‘भृ’चं. मराठी लष्करात बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. बंगालमध्ये मराठी फौजांना ‘बर्गी’ म्हणत, ते याच शब्दावरून.

‘खोगीर’ही सुटला: फारसीत ‘खोय’ म्हणजे घाम, ‘गीर’ म्हणजे धरणारा. घोड्याच्या पाठीचा घाम टिपणारं ते खोगीर. या ‘खोय’चं नातं संस्कृत ‘स्वेद’शी आहे. रिकीब अरबी ‘रिकाब’वरून, लगाम फारसी, एवढंच सध्या टिपलंय.

आता ‘राज्यव्यवहारकोश’ वाचायला घेतोय. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो रचला गेला. त्यातले घोडदळाचे शब्द वहीत उतरवले की पुढची नोंद टाकतो.