साबणाच्या वडीवर पांढरं दिसलं की

कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे तेलं न शिजवता कॉस्टिकच्या पाण्यात मिसळून केलेला साबण साच्यातून काढला आणि वर पांढरा थर दिसला, की बरेच जण सगळा घाणा टाकून देतात. थांबा. आधी एक वडी कापून आत बघा.

थर फक्त हवा लागलेल्या बाजूला असेल, पिठासारखा असेल आणि आत साबण एकसारखा असेल, तर तो सोडा ॲश. वरच्या थरातल्या उरलेल्या कॉस्टिकचा (सोडियम हायड्रॉक्साइडचा) हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन सोडियम कार्बोनेट बनतं. क्युअरिंग (वड्या काही आठवडे वाळत ठेवणं) झाल्यावर ओल्या कापडाने पुसलं की काम झालं. पुढच्या वेळी पाणी कॉस्टिकच्या दुप्पटच घ्या आणि ओतल्याबरोबर साचा झाकून ठेवा.

आतही पांढरे ठिपके असतील तर हातमोजे घालून टोचून बघा. मऊ, मेणासारखे असतील तर ते बहुधा न विरघळलेलं कोकम बटर. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तेलं पस्तिसावर आली की मिश्रण नुसतं थिजतं आणि ट्रेस (तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव होऊन मिश्रण दाटणं) आल्यासारखं वाटतं. कोकम बटर असेल तर तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४५ अंशांच्या आसपास ठेवा.

ठिपके कडक, स्फटिकासारखे असतील किंवा छिद्रांतून पाणी पाझरत असेल, तर मात्र तो कच्चा कॉस्टिक. दोन-तीन दिवसांनी ओल्या वडीवर बोट फिरवून जिभेच्या टोकाला जेमतेम लावा. बॅटरीसारखा झटका बसला तर तो साबण अंगाला लावायचा नाही. पीएच पट्टीवर विसंबू नका, चांगला साबणही ९-१० दाखवतो.

असं होण्यामागे बहुतेकदा तेलाची अदलाबदल असते. हिशोब बघा: खोबरेल ३००, ऑलिव्ह ६००, एरंडेल १०० ग्रॅम. पाच टक्के सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम राखलेलं जादा तेल) धरून कॉस्टिक १४१ ग्रॅम. खोबरेल संपलं म्हणून तेवढंच सूर्यफूल तेल घातलं, तर सगळ्या तेलांना मिळून १३४ ग्रॅमच पुरतं. सात ग्रॅम कॉस्टिक मोकळा राहतो! म्हणून तेल बदललं की आकडेमोड पुन्हा करायचीच, तीही ग्रॅममध्ये. कपाने मोजून साबण होत नाही.

चूक नेमकी माहीत असेल तर घाणा वाचतो. वड्या किसून, थोडं पाणी घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा आणि वरच्या उदाहरणातल्या चुकीसाठी शंभर ग्रॅम ऑलिव्ह तेल मिसळा: निम्मं मोकळ्या कॉस्टिकसाठी, निम्मं सुपरफॅटसाठी. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. चूक कुठे झाली तेच कळत नसेल, तर तो घाणा सोडून द्या.

महिन्या-दोन महिन्यांनी येणारे नारिंगी डाग वेगळे. ते तेल खवट झाल्याचे. सूर्यफूल तेल जास्त, सुपरफॅट जास्त किंवा बोअरचं लोहयुक्त पाणी, यांतलं काहीतरी नडतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. पावसाळ्यात वड्यांवर दव धरतं, ते ग्लिसरीनने ओढलेलं हवेतलं पाणी. पंख्याखाली, अंतर सोडून ठेवा आणि क्युअरिंगला चाराऐवजी सहा आठवडे द्या.