आधी एक मीटरची काठी, मग शनी

मंडळी, मे 2025 पासून आतापर्यंतची ही नोंद. आमच्या कोथरूडच्या सोसायटीची गच्ची आणि महापालिकेच्या एका शाळेतला सातवीचा वर्ग, अशा दोन ठिकाणी काम चालू आहे. यंदा दुर्बीण सगळ्यात शेवटी बाहेर काढायची, असं ठरवूनच सुरुवात केली. आकाशदर्शनाच्या रांगेत माणूस आयपीसला डोळा लावतो, ‘वा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याचा आनंद खरा असतो, पण घरून त्याने स्वतःचा प्रश्न आणलेला नसतो. आधी स्वतःच्या हाताने काहीतरी मोजलेला माणूस दुर्बिणीशी आला, की तो काय पाहतो, हे मला बघायचं होतं.

13 मे, शून्य सावली दिवस. पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्याची क्रांतीही (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर) तेवढीच असते, म्हणून दुपारी 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीत एक मीटरचा पीव्हीसी पाइप ओळंबा लावून उभा केला. सावली नाहीशी झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. बहुतेक कार्यक्रम इथेच संपतात. मी मात्र सेक्रेटरींची परवानगी काढून पाइप तसाच ठेवला आणि जमेल त्या दिवशी मध्यान्हीच्या सावलीचं टोक ऑइलपेंटने फरशीवर नोंदायला सांगितलं. खरी गंमत तिथून सुरू झाली. मे संपता संपता सावली दक्षिणेकडे पडू लागली! दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो, ही समजूत किती घट्ट बसलेली असते ते तेव्हा कळलं. पुण्यात 13 मे ते 30 जुलै या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. 21 जूनच्या आसपास मीटरभर काठीची सावली दक्षिणेकडे साडेआठ सेंटीमीटर भरते. पावसाळी ढगांमुळे आमच्या जूनच्या खुणा विरळ आहेत, पण जेवढ्या आहेत तेवढ्या दक्षिणेलाच आहेत.

20 मेला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी वर्गात पोस्टकार्डांचा गठ्ठाच नेला. नियम एकच: उत्तर माहीत नाही असाच प्रश्न लिहायचा. पहिल्या फेरीत कृष्णविवरं आणि परग्रहवासीच जास्त होते. ऑक्टोबरपर्यंत प्रश्न बदलले: ‘चंद्र दिवसा का दिसतो?’, ‘सावली सकाळी लांब असते तेव्हा ती नेमकी पश्चिमेलाच असते का?’ माझ्या मते या वर्षाची सगळ्यात मोठी प्रगती हीच.

चंद्राच्या कलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे प्रत्येकाने करून बघावं. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं वर्गातल्या बहुतेकांना वाटत होतं. गच्चीवरच्या मोठ्या माणसांनाही. अंधाऱ्या खोलीतला बल्ब आणि थर्मोकोलचा चेंडू आपण सगळेच वापरतो. तो प्रयोग पटतो, पण खोलीतला बल्ब मुलांच्या मनात खोलीतच राहतो. म्हणून कोजागिरीनंतरच्या आठवड्यात, सकाळच्या शाळेत, चेंडू मैदानावर नेले. सूर्य पूर्वेला खाली, अर्धा चंद्र वर, पश्चिमेकडे थोडा कललेला. चेंडू पेन्सिलीवर टोचायचा, हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरायचा आणि एक डोळा मिटायचा. चेंडूही अर्धाच उजळलेला दिसतो, त्याच बाजूने, तसाच कललेला! एकच सूर्य दोघांना उजळतो आहे, हे समजावून सांगावंच लागत नाही. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “ताई, पण आपली सावली तर तिकडे खाली पडेल ना? चंद्र तर वर आहे.” ती पश्चिमेच्या क्षितिजाकडे बोट दाखवत होती. सावलीचा सिद्धांत तिने एकटीने मोडून काढला. मग 7 सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाचा विषय आपोआप निघाला: पृथ्वीची सावली चंद्रावर पडायची तर चंद्र सूर्याच्या समोरच हवा, म्हणजे पौर्णिमाच हवी. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, याचं उत्तर चंद्राच्या कक्षेच्या 5 अंशांच्या कलात आहे. तेही दोन रिंगा एकमेकींत तिरक्या धरून दाखवता येतं.

नोव्हेंबरमध्ये अखेर माझी सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण शाळेच्या मैदानावर आली. शनी. यंदा कड्यांची पातळी पृथ्वीच्या रेषेत आलेली, नोव्हेंबरअखेरीस तर कल अर्ध्या अंशाहूनही कमी. 120 पट वर्धनात एक पिवळसर गोळा आणि त्याला आरपार गेलेली बारीक रेघ. अशा वर्षी शनी दाखवू नये, असं काही जाणकारांचं मत आहे. मला ते अजिबात पटत नाही. मी काहीही न सांगता मुलांना कागद-पेन्सिल दिली. बहुतेकांनी सुई टोचलेलं लिंबू काढलं, काहींनी नुसता गोळा. “पुस्तकात तर मोठी कडी आहेत!” यावर चर्चा पेटली आणि चेंडूभोवती पुठ्ठ्याची चकती धरून ती तिरकी-सपाट करत मुलांनी उत्तर शोधलं. मग गॅलिलिओची गोष्ट सांगितली: 1610 मध्ये त्याला शनी तीन गोळ्यांचा दिसला, 1612 मध्ये बाजूचे दोन गोळे गायब झाले आणि तो चक्रावून गेला. कड्यांचा उलगडा पुढे हायगेन्सने केला. आपलं चित्र आणि गॅलिलिओचा गोंधळ एकाच कारणाचा आहे, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती कडी मोठी दिसणाऱ्या वर्षी मला कधी मिळाली नव्हती. साधारण पंधरा वर्षांनी येणारी ही संधी आहे, ती ढगाआड घालवू नका.

गच्चीवर जानेवारीत संक्रांतीचा वाद रंगला. एक आजोबा म्हणाले, उत्तरायण आज सुरू होतं. मी फरशीकडे बोट दाखवलं. सगळ्यात लांब सावली, सुमारे 90 सेंटीमीटर, 21-22 डिसेंबरची. 14 जानेवारीला ती 83 वर आली होती. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेकडे वळला होता. आजोबांनी स्वतः टेप धरून दोन्ही खुणा मोजल्या, मग विचारलं, “असं का झालं असेल?” परांचन गतीवर, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणावर, तिथेच उभ्याउभ्या तासभर बोललो. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने धरली जाते, म्हणून ती आणि खरं उत्तरायण यांच्यात सुमारे 72 वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो, त्यातून साचलेली ही तफावत. तिळगूळ त्यांनीच वाटला.

आता पुढचं काम, आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे. 20 मार्चच्या विषुवदिनी मीटरभर काठीची मध्यान्ह सावली पुण्यात साडेतेहतीस सेंटीमीटर पडायला हवी, कोल्हापुरात 30 आणि जळगावात 38 च्या पुढे. या फरकांवरून आणि शहरांमधल्या दक्षिणोत्तर अंतरावरून मुलांना पृथ्वीचा परीघ काढायचा आहे, सावल्यांवरून पृथ्वी मोजणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसच्या रीतीने. कोल्हापूर, जळगाव, धुळे किंवा त्या रेषेवर कुठेही कोणी असाल तर काठी ओळंब्यात उभी करा, जमीन सपाट आहे ना ते पाणसळीने तपासा आणि 12 वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक नोंदवा. घड्याळाकडे पाहून मध्यान्ह ठरवू नका. प्रत्येक गावचा वेगळा असतो. सगळ्यात आखूड सावली तीच तुमची मध्यान्हीची सावली. आकडा मिलिमीटरमध्ये कळवा.