जंगलाचा पडदा

परवा सिंदेवाहीकडे काकाजींच्या घरी गेलो होतो. एके काळी त्यांचं झाडीपट्टीतलं, म्हणजे इकडं पूर्व विदर्भातलं, नाटक मंडळ होतं आणि त्यांचे पडदे मी रंगवायचो. सपरीत धानाच्या पोत्यांवर काहीतरी हिरवंनिळं पांघरलेलं दिसलं, जवळ जाऊन पाहतो तं माझंच जंगल! १९९४ च्या सीझनचं. मांजरपाटावर सफेदा, सरस (हाडाकातड्याचा गोंद) आणि पावडरचे रंग, रात्रभर बसून केलेलं, आणि भेटले ४०० रुपये अन् दोन टाईमचं जेवण. सरस उंदरांना लय आवडते, त्यामुळं एक कोपरा गेलेलाच होता.

आता मजा ऐका. पुण्याचा एक माणूस येऊन फोटो काढून गेला म्हणे, त्याला हा पडदा हॉटेलच्या भिंतीवर लावायचा आहे अन् ३० हजार द्यायला तयार आहे. फक्त माझी सही पाहिजे. सही? पडद्यावर मंडळाचं नाव असायचं, पेंटरचं कोण टाकते.

मी बराच वेळ पाहत बसलो. चंद्र डावीकडं आणि तलावातलं त्याचं बिंब उजवीकडं! तेव्हा कसं दिसलं नाही काय माहीत. झाडं पण निळी वाटतात, पण ती चूक नाही, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात नुसता हिरवा मेलेला दिसायचा म्हणून निळ जास्त घालायचो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहून आलेली माणसं रात्री दहापासून उजाडेपर्यंत नाटकाला बसायची, शेवटच्या बांबूच्या तट्ट्यापाशी बसलेल्या म्हातारीलाही हे जंगल आहे असं कळलं पाहिजे, बस एवढंच काम होतं त्याचं. प्रवेश संपला की दोरी सोडली, महाल खाली आला. हॉटेलातल्या एसीत जेवणाऱ्याला तेच झाड दोन हातांवरून दिसणार, मग तो नक्की काय विकत घेतोय?

मोठे चित्रकार एम. एफ. हुसेन, त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली होती हे आम्ही पेंटर लोक एकमेकांना कौतुकानं सांगतो. त्यांचं १९५४ चं 'ग्राम यात्रा' कित्येक वर्षं ओस्लोच्या एका दवाखान्यात टांगलेलं होतं, २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटीला गेलं. चित्र तेच ना राजेहो! दवाखान्यात होतं तेव्हा तेवढ्याच रंगांचं होतं. मला हेवा नाही वाटत (थोडा वाटते), पण हा भाव रंगाचा आहे की नावाचा हे काही केल्या उमगत नाही. माझ्या बाबतीत तर नावही नाही, भाव आहे तो डागांचा. कारण मी पुण्याच्या माणसाला फोन करून म्हटलं, चंद्र दुरुस्त करून देतो, कोपरा शिवून देतो, तर तो घाबरलाच, म्हणे हात लावू नका, किंमत कमी होईल.

ज्यानं काढलं त्याच्याच हातानं किंमत कमी होते!

काकाजींना विचारलं, देता का मग? ते पोत्यांकडं पाहत राहिले, भावाचं काही बोललेच नाहीत.

"देऊ जी, पण धान अजून विकलो नाही. त्याले सांगजो, येतानी एक चांगली ताडपत्री घेऊन येजो."