नवाचा ताळा

परवा कापूस घेऊन जिनिंगवर गेलो तर आमच्या पुढं चौदा-पंधरा ट्रॅक्टर. भरल्या गाडीचं वजन झालं होतं, आता खाली करायचा नंबर कधी लागतो ते देवालाच ठाऊक. हिंगणघाटकडं थंडीतही दुपारचं ऊन बरंच चावतं, म्हणून ट्रॉलीच्या सावलीत बसलो आणि हातातल्या पावतीचा नंबर पाहिला. ३४७३४७. झालं, दोन तास गेले.

नंबर दिसला की फोडायचा, ही माझी जुनी खोड. एसटीचं तिकीट असो की पुढच्या ट्रकची नंबरप्लेट. हा तर सोपाच निघाला, कारण तीन आकडे दोनदा लिहिले की ती संख्या १००१ च्या पाढ्यात बसते, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. उरला ३४७. तो काही केल्या फुटेना, १७ पर्यंत भागून पाहिलं (१९ चा वर्ग ३६१, म्हणजे पुढं जायची गरजच नाही) आणि हट्टी कास्तकारासारखा तो आपला अख्खाच. पूर्ण नंबराच्या आकड्यांची बेरीज २८. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी आपल्याच आकड्यांच्या बेरजेनं भागल्या जाणाऱ्या संख्यांना हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. ही विषम, २८ नं कशी जाणार? आनंद नाही म्हणजे नाही.

२८ चे १०, १० चा १. हा ताळा आबाजींनी शिकवलेला, ओसरीत पऱ्हाटीच्या काडीनं मातीत आकडे काढून. "नऊ टाकून दे पोट्ट्या, नवाचं काही उरत नाई." पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ असलेला माणूस. दुकानाची उधारी आली की प्रत्येक रकमेचा ताळा, मग बेरजेचा ताळा, जुळला की "बराबर हाय" आणि कापसाचे पैसे तिकडंच.

ते गेल्यावर ट्रंकेत एक जुनं बिल सापडलं, खत, बियाणं, फवारणीचं औषध. खाली बेरीज १७३०, शेजारी पेन्सिलीनं आबाजींचा २. मी सहज बेरीज करून पाहिली तर १३७०. पुन्हा केली. १३७०. आकड्यांची अदलाबदल झाली तर फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो, इथं ३६०, आणि नवाच्या ताळ्याला तेवढंच दिसत नाही. मुद्दाम केलं की हात घसरला, आता कोण सांगणार. बिल परत घडी करून ठेवून दिलं, घरात कोणाला बोललो नाही.

तेवढ्यात आमचा नंबर लागला, गाडी खाली झाली, रिकाम्या गाडीचं वजन त्याच पावतीवर चढवून त्यांनी ती परत दिली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "कापूस किती भरला रे?"

मी खिशातून पावती काढली. मागं ७, ११, १३, ३४७ लिहिलेलं. पुढची बाजू मी पाहिलीच नव्हती.