आमची वाटचाल : चोवीस तासांची मावशी

२००६ साली पुण्यात कोथरूडमध्ये आजारी-म्हाताऱ्यांना घरी सांभाळायला बाया पुरवणारा ब्यूरो काढला तेव्हा एक लँडलाइन, एक हजेरीची वही आणि वॉर्डातल्या नर्सिंगचा अनुभव एवढंच भांडवल होतं. कल्पना माझी नव्हती, हॉस्पिटलातल्या आमच्या आयाबाईंची होती. "सिस्टर, घरी बघायला बाई मिळत नाही म्हणून लोक म्हाताऱ्यांना इथंच ठेवून घेतात. आपण का नाही बाया द्यायच्या?" असं त्या म्हणाल्या आणि सहा महिन्यांत आम्ही दोघींनी नोकरी सोडली. पाटीवर नाव माझं आहे. पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक बाईला पेशंट उचलायला त्यांनीच शिकवलं.

त्यासाठी लागायची एक जुनी सुती नऊवारी. तिची चार पदरी घडी खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी अंथरायची, दोघींनी दोन्ही कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एका दमात उचलून सरकवायचं. बगलेत हात घालून ओढलं तर कातडी चादरीला घासते आणि माकडहाडावरची जखम तिथूनच सुरू होते. नायलॉनची साडी चालत नाही, घाम धरते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या. रबराची हवेची गोल रिंग लोक अजूनही मेडिकलमधून आणतात, ती आणू नका. तिच्या कडेचा दाब पडून मधल्या भागाचं रक्त उलट कमी होतं. एअर बेड घेतलात तर पंपाचा आवाज येतो म्हणून रात्री बंद करू नका आणि वर जाड गादी घालू नका, पैसे वाया जातात.

पुढची दहा-अकरा वर्षं बरी गेली. मावश्या (आमच्या बायांना सगळे मावशीच म्हणतात) वाढल्या, पुरुष पेशंटसाठी मामा ठेवले, ऑफिस तळमजल्यावर आलं.

त्या काळातलं एक घर मात्र सांगायलाच हवं. डहाणूकर कॉलनीतले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकूंना पार्किन्सन, म्हणजे कंपवात. पार्किन्सनच्या पेशंटकडे गोळीची वेळ अर्धा तास चुकली तरी दिवस बिघडतो, हे या कामातल्यांना सांगायला नको. काकांनी आमच्या मावशीसाठी वही आखून दिली होती : गोळी, पाणी, लघवी, संडास, झोप. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, दूध-पनीर गोळीपासून लांब. काकूंचे पाय उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, तेव्हा काकांनी हॉलपासून बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. पट्टी दिसली की पाऊल उचललं जायचं. मावशी शेजारून "एक, दोन" म्हणायची. आज आमच्या प्रत्येक पार्किन्सनच्या घरी पट्ट्या लागतात, त्या काकांच्या.

आता २०१७. ही गोष्ट मी कुणाला फारशी सांगितलेली नाही.

आमच्या बहुतेक मावश्या मराठवाडा-विदर्भातल्या. दिवाळी आली की गावी जाणारच, त्यात सोयाबीन आलेलं, कापूस वेचणीला आलेला. म्हणून आम्ही रजा दोन पाळ्यांत द्यायचो. निम्म्या सणाआधी जाऊन यायच्या, मग उरलेल्या जायच्या. त्या वर्षी ऐन दिवाळीत एसटीचा संप झाला. चार दिवस गाड्या बंद. गेलेल्या तिकडे अडकल्या, जायच्या होत्या त्या शिवाजीनगर स्टँडवरून रडत परत आल्या. खाजगी गाड्यांनी वाटेल ते भाडं लावलं. इकडे घरोघरी पडून असलेली माणसं, बदलीला कुणी नाही. मी आणि आयाबाई स्वतः रात्रपाळ्या करत होतो.

आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे चार वर्षं कोऑर्डिनेटर म्हणून काम केलेल्या मुलाने दोन जीपगाड्या गावांकडे पाठवल्या. पत्ते आमच्या वहीतले. मावश्यांना वाटलं, ताईंनीच गाडी धाडली. त्या विश्वासाने बसल्या आणि उतरल्या त्याच्या नव्या ऑफिसपाशी, आमच्यापासून दोन स्टॉप पुढे. त्याने हजार रुपये जास्त कबूल केले, पांढरे कोट दिले आणि तीन दिवसांत त्यांना "नर्स" करून टाकलं. मग आमच्या घरांना फोन : ताईंचं काम बंद पडलंय, बाई तीच मिळेल, पैसे आमच्याकडे भरा.

ज्या मुलाला मी बीपी बघायला शिकवलं, ज्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही दोघी जाऊन आलो, त्याने हे केलं. व्यवसायात स्पर्धा असते, हे मला मान्य आहे. पण वही चोरणं ही स्पर्धा नव्हे, आणि बारावी नापास मुलीला कोट घालून राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी) असलेल्या पेशंटकडे पाठवणं हा गुन्हा आहे. नळीतून भरवल्यावर पेशंटला अर्धा तास तरी डोक्याकडून उंच ठेवायचं असतं. हे न सांगता बाई पाठवली तर अन्न छातीत जातं.

डिपॉझिट परत मागणाऱ्यांची रांग लागली. मी एफडी मोडून प्रत्येकाला चेक दिला, कुणाशी वाद घातला नाही. नोव्हेंबरअखेर आमच्याकडे निम्म्याहून कमी घरं उरली. जागेचं भाडं थकलं.

काकांच्या मावशीलाही जीपवाल्याने गाठलं होतं. तिने काकांना सांगितलं, काकांनी मला बोलावलं. काकू तेव्हा शेवटच्या आजारात होत्या. काका म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आहात ना? मग मला नवीन नंबर नकोत." त्याच संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं की ब्यूरो चालू आहे आणि मावश्यांवर विसंबून राहायचं तर तो चालू राहिला पाहिजे. तीन महिन्यांचे पैसे त्यांनी आगाऊ दिले. त्या एका बैठकीतून आलेल्या घरांवर आमचा जानेवारी निघाला. आयाबाई गावोगाव जाऊन मावश्यांना भेटून आल्या. फेब्रुवारीत काही जणी परत आल्या, त्याने दोन महिन्यांचा पगार दिलाच नव्हता. सगळ्यांना परत घेतलं. त्याला मात्र मी माफ केलेलं नाही. त्याची पाटी अजून आहे, मी त्या रस्त्याने जात नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुष्कळ मावश्या पेशंटच्याच घरी तीन-तीन महिने राहिल्या. गावी मुलं होती, तरी राहिल्या. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात काही आलं नाही.

घरच्यांना थोडं सांगते. मावशीला रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर दुपारी दोन तास झोप द्या, आणि ती स्वयंपाकघराच्या फरशीवर नको, कॉटवर. जेवण घरचं, ताजं. वेगळा कप ठेवणार असाल तर आमच्याकडे येऊ नका. "कुठल्या समाजाची आहे?" हा प्रश्न फोनवर अजून येतो. आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही आणि कधी येणार नाही. पोलीस पडताळणी जरूर करा, आधारची झेरॉक्स घ्या, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. दागिने बँकेत ठेवा म्हणजे संशयाला जागा उरत नाही. परदेशातल्या मुलांनी कॅमेऱ्यात बघून मावशीला दिवसातून दहा सूचना देऊ नयेत. आठवड्यातून एकदा तिच्याशी पाच मिनिटं नीट बोलावं, आईला आज गिळताना ठसका लागला का, हे विचारावं. आणि कमिशन वाचवायला मावशी परस्पर ठेवून घेणाऱ्यांनी विचार करा : ती आजारी पडली तर सकाळी आठला तुमच्या दारात दुसरी कोण उभी करणार?

काकू गेल्या, पुढे काकांनाही अर्धांगवायू झाला. त्यांच्याकडे तीच मावशी होती. त्यांना खुर्चीत घेताना ती धडधाकट बाजूने घ्यायची, खुर्चीचे ब्रेक आधी लावून. आयाबाईंचं शिकवणं.

त्या दिवाळीनंतर रजेचा तक्ता आम्ही श्रावणातच लावतो, गावी जायच्या-यायच्या गाड्या ब्यूरो स्वतः ठरवतो आणि गाडी आमची आहे हे मावशीला माझ्या फोनवरून, माझ्या आवाजात कळतं. यंदाचा तक्ता लागला आहे. ज्या घरांना दिवाळीत बदली मावशी लागेल त्यांनी गणपतीच्या आधी कळवावं. नंतर कळवलं तर नाही म्हणावं लागतं, आणि पडून असलेल्या माणसाच्या घराला नाही म्हणायला मला जड जातं.