अठरा मिनिटांचा माहितीपट आणि एक अर्ज

ऑगस्ट २०२४ मध्ये काम हातात घेतलं तेव्हा ती ‘तालुक्याच्या पाण्याची गोष्ट’ होती. विधानसभेच्या एका इच्छुकाच्या पुतण्यानं मला गाठलं. "दादा, प्रचार नको, डॉक्युमेंटरी करा." मीही स्वतःला तेच सांगत राहिलो. टँकरच्या रांगा, बंद पडलेली उपसा योजना, तळ गाठलेल्या विहिरी. शूट केलेलं सगळं खरं होतं. फक्त बंद पंप दिसला की विरोधकाचं नाव आणि सुरू पंप दिसला की आमचे साहेब, अशी मांडणी एडिटिंगमध्ये आपोआप होत गेली. (‘आपोआप’ हा माझा शब्द. टाइमलाइनवर आपोआप काही होत नाही.)

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, साहेबांना तिकीट मिळालं. दिवाळी उरकून ५ नोव्हेंबरला केबलवाल्याकडे गेलो, तर त्यानं पेन ड्राइव्ह हातातच घेतला नाही. "आधी एमसीएमसीचं सर्टिफिकेट आणा."

"अहो, ही जाहिरात नाही, माहितीपट आहे."

"त्यात साहेब आहेत का?"

"आहेत."

"मग झालं की."

एमसीएमसी म्हणजे माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून टीव्ही आणि केबलवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागतं, २०१३ पासून सोशल मीडियावरच्या जाहिरातीही त्यात आल्या. पक्षानं किंवा उमेदवारानं प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस आधी.

‘इतरांनी’ हा शब्द पुतण्याला फार आवडला. "दादा, तुमच्याच नावानं टाका ना अर्ज. साहेबांच्या खर्चात धरायला नको." उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, त्यात मंडप, गाड्या, जेवणावळी. त्याची अडचण मला कळत होती. पण मी अर्ज नीट वाचला. त्रयस्थानं शपथेवर लिहून द्यायचं होतं की हे कुठल्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी याला पैसे दिलेले नाहीत. माझ्या खात्यात तर त्यांचा अ‍ॅडव्हान्स येऊन पडला होता. तीन महिने मी जे पुतण्याच्या सुरात सूर मिसळून बोलत होतो, ते आता सही करून सांगायचं होतं. नाही जमलं. त्याला सांगितलं, सही साहेबांची किंवा त्यांच्या निवडणूक प्रतिनिधीची. दोन दिवस तो माझे फोन उचलत नव्हता. मग निर्मितीखर्चाच्या रकान्यात "निम्मे लिहा" म्हणाला. मी बिलच जोडलं.

सगळ्यात जीव काढला तो संहितेनं. फिल्मच्या दोन प्रती आणि त्यातला शब्दन् शब्द टाइप केलेला, साक्षांकित. अठरा मिनिटं ऐकून टाइप करायला मला अख्खी रात्र लागली. एक आजी विरोधकाला "मेल्या, तुझ्या तोंडात कोण पाणी घालील" म्हणते. हे तसंच लिहायचं की सौम्य करायचं? तसंच लिहिलं. साक्षांकन करणाऱ्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

७ तारखेला अर्ज दिला, ९ ला बोलावणं आलं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका खोलीत चार माणसं आणि एक लॅपटॉप. त्यांनी पूर्ण फिल्म पाहिली, अगदी श्रेयनामावलीसकट. आतापर्यंत इतक्या लक्षपूर्वक माझं काम कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. मी पुन्हा ‘माहितीपट’ म्हणून पाहिलं. त्यांच्यातल्या एकांनी २०१९ ची आठवण करून दिली. पंतप्रधानांच्या आयुष्यावरचा चित्रपट ११ एप्रिलला लागणार होता, आयोगानं आदल्या दिवशी थांबवला, तो निकालानंतर २४ मे रोजी लागला. "तो तर थिएटरचा पिक्चर होता," ते म्हणाले. मी गप्प बसलो.

हरकती तीन निघाल्या. सुरुवातीचा साहेबांचा देवळातला अभिषेक काढा. पाइपलाइनच्या पैशांत विरोधकानं खाल्लं, हे वाक्य सिद्ध न झालेला आरोप आहे, ते काढा. (खरं सांगायचं तर माझ्याकडेही कागद नव्हता, तीन जणांनी सांगितलं म्हणून घेतलं होतं.) आणि तिसरी, जी मला दिसलीही नव्हती: त्याच आजीच्या मागे भिंतीवर तिच्या मुलाचा लष्करी गणवेशातला फोटो. प्रचारात सैनिकांची छायाचित्रं चालत नाहीत. आजी म्हणजे माझ्या फिल्मचा प्राण, तो शॉट काढणं शक्य नव्हतं. फ्रेमचा तेवढा चौकोन धूसर केला. आजीची शिवी मात्र राहिली, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

११ ला प्रमाणपत्र मिळालं. १८ च्या संध्याकाळी प्रचार थांबेपर्यंत, म्हणजे जेमतेम आठवडाभर, फिल्म केबलवर चालली.

तिसऱ्या दिवशी आजीच्या नातवानं फोन लावून तिच्या हातात दिला. मी दिसले, बरी दिसले, म्हणाली. मग म्हणाली, "पर माझ्या पोराचा फोटू कशापायी पुसला रं?"