काचबिंदूवर स्टेम सेल का घेत नाही?

लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावर, फोनवर, भेटेल तो विचारतो, "स्टेम सेलने गेलेली नजर परत येते म्हणे, मग तुम्ही का करून घेत नाही?" काचबिंदूने माझ्या डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली आहे, उजवा पुष्कळसा शाबूत आहे. विचारणाऱ्यांच्या मनात मायाच असते, म्हणून तुम्ही विचारलंत तर नीट सांगतो.

तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक वेळा खरीच असते, पण डोळ्याच्या दुसऱ्याच भागाची. चुना किंवा अ‍ॅसिड उडून डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया खराब झाला, तर त्याच्या कडेच्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, लावून तो सुधारता येतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत हे काम कित्येक वर्षं चालू आहे. जपानमध्ये २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध बाईंच्या त्वचेपासून मूळपेशी बनवल्या, त्यांतून दृष्टिपटलाखालच्या (दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, रेटिना) रंगद्रव्य असलेल्या पेशींचा थर वाढवला आणि त्यांच्याच डोळ्यात बसवला. या पेशींना ठेवलेल्या जागी रुजून आपलं काम करायचं असतं.

काचबिंदूत मरतात त्या दृष्टिपटलातल्या गँग्लिऑन पेशी. एका डोळ्यात त्या साधारण दहा-बारा लाख असतात, आणि प्रत्येकीचा एक लांब तंतू डोळ्याबाहेर पडून थेट मेंदूपर्यंत जातो. या तंतूंची जुडी म्हणजे दृष्टिचेता. ती एकदा वाळली की माणसात पुन्हा फुटत नाही. प्रयोगशाळेत नव्या गँग्लिऑन पेशी बनवता येतात, तिथे गाडी अडलेली नाही. पण डोळ्यात सोडल्यावर त्यांतल्या बहुतेक मरतात. जगतात त्या दृष्टिपटलावरच्या पातळ पापुद्र्यापाशी अडकतात. तो ओलांडला तरी आतल्या पेशींशी जोडणी व्हायला हवी, तंतूला बाहेरची वाट सापडायला हवी, पुढे दोन्ही डोळ्यांच्या चेता भेटतात त्या तिठ्यावर पलीकडे जायचं की याच बाजूला राहायचं हे त्याला कळायला हवं, आणि मेंदूत नेमक्या जागी पोचायला हवं. गर्भात ही वाट दाखवणाऱ्या रासायनिक खुणा असतात. साठीच्या डोळ्यात तशी सोय राहिलेली नसते. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या जुन्याच गँग्लिऑन पेशी तीन जनुकांच्या मदतीने तरुण केल्या आणि काचबिंदू झालेल्या उंदरांची नजर काहीशी सुधारली. हे पेशी-रोपण नव्हे, पण मला यातच जास्त आशा वाटते.

आणि भीतीही सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने मॅक्युलाचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचा, आजार असलेल्या तीन वयस्क बायकांच्या पोटाची चरबी काढली, त्यातल्या 'स्टेम सेल' दोन्ही डोळ्यांत टोचल्या आणि वर पाच-पाच हजार डॉलर घेतले. तिघींचीही नजर जवळजवळ गेली. २०१७ साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोन्ही डोळे एकाच वेळी! हे वाचून माझा संताप अजून उतरलेला नाही. मलाही एका दवाखान्याने असंच 'पॅकेज' सांगितलं होतं. आपल्याकडे आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, नियम स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य झालेले उपचार सोडले तर स्टेम सेल द्यायच्या त्या मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

मग मी करतो काय? रात्री डोळ्यातला दाब उतरवणारे थेंब घालतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरतो, म्हणजे औषध घशात उतरत नाही. कंटाळवाणं आहे, पण हा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला तरी आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, हे मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. अधूनमधून फील्ड टेस्ट असते, म्हणजे नजरेच्या टप्प्यात कुठे कुठे दिसतं याची तपासणी. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, ठिपका दिसला की बटण दाबायचं. कधी यंत्राचा बारीक आवाज येतो आणि ठिपका मात्र दिसत नाही. तेव्हा पोटात गोळा येतो.

उद्या काचबिंदूवर स्टेम सेलची खरी चाचणी निघाली तर मी जाईन. सीटीआरआय, म्हणजे अशा चाचण्यांची देशातली नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक मागेन, पैसे लागतात का विचारेन, आणि डावा डोळा पुढे करेन. उजव्याला हात लावू देणार नाही.